शिंप्याच्या घरातील पंधरा माणसे

हिंगोली परिसरात आम्ही सेवेला होतो त्या दिवसांतील गोष्ट. घरांना आशीर्वाद देण्याच्या निमित्ताने एका खेड्यात गेलो होतो. आपली कुटुंबे त्या भागात मोजकी आणि विखुरलेली. एका घराहून दुसऱ्या घरी जायचे म्हणजे एस.टी.ची वाट पाहणे आलेच. त्या दिवशीच्या शेवटच्या घरातील माउली शिवणयंत्रावर बसली होती. नवरा गवंडीकामाला गेलेला होता. थोरला मुलगा भिंतीकडे तोंड करून वहीच्या मागच्या पानावर काहीतरी रेखाटत होता. आम्हांला पाहताच तिने यंत्र थांबवले, पाणी दिले आणि थोड्या वेळाने संकोचून म्हणाली, "फादर, या पोराच्या अंगी काहीतरी कला यावी असं लई वाटतं बघा. पण आमच्या घरात तसं वातावरणच नाही. शहरात क्लास असतात म्हणे."

आम्ही तिला काय उत्तर दिले ते आज आठवत नाही. ज्या अर्थी आठवत नाही, त्या अर्थी ते आठवण्याजोगे नसावे.

परतीच्या वाटेवर एस.टी. नर्सीला थांबली. कयाधू नदीच्या काठचे हे गाव, नर्सी नामदेव, संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. तेथे नामदेवांचे मंदिर आहे, गुरुद्वाराही आहे, आणि थेट पंजाबातून आलेले शीख यात्रेकरू त्या लहानशा गावात पाहावयास मिळतात. खिडकीतून ते पाहत असताना आमच्या मनात एकदम आले की त्या माउलीला सांगण्याजोगी गोष्ट तिच्या घरापासून काही कोसांवरच होती. सातशे वर्षांपूर्वीचे एक शिंप्याचे घर. त्यातही कोणी कलावंत म्हणून जन्माला आले नव्हते, वातावरण म्हणावे असे काही नव्हते, आणि पैशाची ओढाताण तर नित्याचीच. तरीही त्या घरातील सासू, सून, लेक, बहीण आणि मोलकरीणसुद्धा, सगळ्यांच्या नावावर आज अभंग आहेत. त्या घराविषयी तेव्हापासून आम्ही जे वाचले आणि जे मनाशी घोळवले, ते या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम इतिहासाची बाजू. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० चा, आणि समाधी शके १२७२, म्हणजे १३५० ची. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी नर्सी म्हणतात, कोणी पंढरपूर, आणि काहींनी कऱ्हाडकडच्या गावाचाही पक्ष घेतला आहे. घराणे मूळचे नर्सीचे आणि पुढे पंढरपुरास स्थायिक झालेले, अशी सांगड अनेकांनी घातली आहे. मराठवाड्यातील सर्वसामान्य माणसाच्या मनात मात्र शंका नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा निघाला तेव्हा या नव्या जिल्ह्याच्या वाट्याला नर्सी आणि औंढा नागनाथ ही दोन्ही स्थळे आली, आणि नामदेवांच्या आयुष्याशी दोन्हींचे नाते आहे. औंढ्याकडे आपण पुढे वळू.

वडील दामाशेटी, आई गोणाई. धंदा शिंप्याचा. कापड विकणे, कपडे शिवणे, बाजारचे दिवस सांभाळणे. नामदेवांची पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या चार सुना. लिंबाई ही लेक, आऊबाई ही बहीण. शिवाय जनाबाई. ही सगळी नावे सांगणारा एक अभंग जनाबाईंच्या नावावर आहे. तो आम्हांस एखाद्या शिधापत्रिकेसारखा वाटतो: कोण कोणाचे कोण, ते नीट नोंदलेले. मोजली तर माणसे पंधरा भरतात. शेवटी जनी स्वतःचेही नाव घालते, तेही दासी म्हणून, स्वतःला वेडी ठरवून. पण घालते. घरच्या माणसांची यादी करताना घरच्या मोलकरणीनेच ती करावी आणि तीत स्वतःला गणावे, आणि पुढच्या सात शतकांनी ती यादी जशीच्या तशी मान्य करावी, ही साधी गोष्ट नव्हे. आजही आपल्या किती घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईचे पूर्ण नाव मुलांना ठाऊक असते?

या पंधरांपैकी बहुतेकांच्या नावावर कमीअधिक रचना आहेत. कोणाचे दोनचार अभंग, कोणाचे दहावीस. जनाबाईंचे सुमारे साडेतीनशे. नामदेवांच्या सातशेव्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९७० साली, महाराष्ट्र शासनाने नामदेवगाथा प्रसिद्ध केली. ती आम्ही विद्यार्थिदशेत प्रथम हाती घेतली तेव्हा नामदेवांचेच अभंग वाचून मिटून ठेवली होती. घरच्या मंडळींचे अभंग म्हणजे मोठ्या माणसाच्या सावलीत वाढलेली रोपटी, अशी आमची समजूत. ती किती चुकीची होती ते गोणाईने आणि राजाईने आम्हांला दाखवले.

गोणाईचे अभंग वाचताना प्रथम धक्का बसतो. संताची आई म्हणून ती गोड बोलेल, मुलाच्या भक्तीचे कौतुक करील, अशी अपेक्षा असते. ती करते काय? भांडते. शिवण टाकून दिलेस, धंदा बुडवलास, घरात लेकरे उपाशी आणि तू देवळात नाचतोस, असे ती मुलाला सुनावते. मुलाचे समाधान होत नाही तेव्हा थेट विठ्ठलाकडे जाते आणि माझा नामा मला परत दे म्हणून त्याच्या दाराशी बसते. नवसाने झालेला मुलगा, आणि तो देवानेच काढून घेतला, ही तिची तक्रार. राजाईचे गाऱ्हाणे तर आणखी एका पायरीवरचे. ती रखुमाईशी बोलते. बाई, तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला वेड लावले आहे, त्याला जरा समजाव, असा तिचा सूर. शेजारच्या दोन बायका विहिरीवर बोलाव्यात तसा. घरात फाटकी वस्त्रे, पाहुणा आला तर वाढायला काही नाही, हे सगळे ती मोजून सांगते. संसारी बाईची व्यथा इतक्या रोखठोक शब्दांत त्या काळच्या मराठीत दुसरीकडे सहजी सापडत नाही.

येथे आम्ही वाचकांना क्षणभर थांबावयास सांगू. आपण घरात कलागुणांना वाव द्यावा असे म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे काय असते? मुलाने छान चित्र काढले, आपण टाळ्या वाजवल्या. मुलीने नाताळच्या कार्यक्रमात गाणे म्हटले, आपण फोटो काढले. नामदेवांच्या घरात टाळ्यांचा मागमूस नाही. तेथे आईला मुलाची कवने आवडत नाहीत, बायकोला नवऱ्याचे वागणे पसंत नाही, आणि त्या दोघींना जे म्हणायचे आहे ते त्या कवनातच म्हणतात. ज्या छंदात नामदेव देवाला आळवतो, त्याच छंदात त्याची आई त्याला रागावते. जे साधन घरात आले ते एकट्याचे राहिले नाही. आणि संताची थोरवी गाणाऱ्या वारकरी परंपरेने या दोघींचे तोंड बंद केले नाही. गाथेतून त्यांचे अभंग वगळणे सोपे होते. संताला शोभत नाही म्हणून वगळले असते तर कोणी विचारलेही नसते. ते राहिले, आणि कीर्तनांतून गायिले गेले.

नामदेवांची मुंज्या वयातील एक कथा याच घराची ओळख पटवते. वडील परगावी गेलेले असताना नैवेद्य घेऊन देवळात जाण्याचे काम लहान नाम्यावर आले. देव खात नाही हे पाहून पोर हटून बसले, आणि शेवटी देवाने खाल्ले असे घरी येऊन सांगू लागले. आपल्यापैकी किती आईबापांनी त्या पोराच्या पाठीत धपाटा घालून खरे बोलायला लावले असते? कथेतले दामाशेटी मुलाचे म्हणणे पडताळायला त्याच्याबरोबर देवळात जातात. कथा चमत्काराची आहे आणि चमत्काराविषयी आम्हांस येथे काही म्हणायचे नाही. पण मुलाने सांगितलेली अशक्य गोष्ट ऐकून बाप त्याच्या बरोबरीने चालत निघतो, एवढा भाग कोणत्याही धर्माच्या बापाने घ्यावा असा आहे.

आता एक प्रामाणिक अडचण. हे अभंग खरोखर त्या त्या व्यक्तीने रचले काय? अभ्यासकांचे उत्तर सावध आहे. नामदेवांच्या नावाने पुढच्या काळातील कवींनीही रचना केल्या. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हे त्यांतले ठळक नाव. कीर्तनकार आपल्या बाडात, म्हणजे हातवहीत, अभंग उतरवून घेत आणि एका बाडातून दुसऱ्या बाडात ते जात. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन नोवेट्झके यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नामदेवांवरील ग्रंथात या बाडांचा आणि कीर्तनपरंपरेचा मोठा विचार केला आहे. त्यांच्या मते नामदेव हे नाव एका माणसापुरते राहिलेले नाही, ती पिढ्यान्‌पिढ्यांची सामुदायिक स्मृती आहे. तेव्हा गोणाईचा अभंग गोणाईनेच रचला असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. तिच्या तोंडी तो एखाद्या कीर्तनकाराने घातलेला असू शकतो.

असे मानले तर आमचे म्हणणे कोसळते काय? आम्हांस तसे वाटत नाही. समजा, हे अभंग नंतरचे आहेत. तर मग महाराष्ट्राने आपल्या लाडक्या संताचे घर कल्पिताना ते कसे कल्पिले, हे पाहावे लागेल. मोठा माणूस मध्यभागी आणि बाकीचे हात जोडून भोवती, असे घर त्याला कल्पिता आले असते. त्याने ते प्रत्येकाला आवाज असलेले कल्पिले. इतिहासाच्या दृष्टीने ही दुसरी शक्यता पहिलीपेक्षा कमी मोलाची नाही.

जनाबाई मूळच्या गोदाकाठच्या गंगाखेडच्या. गंगाखेड आज परभणी जिल्ह्यात आहे. लहानपणीच त्या दामाशेटींच्या घरी आल्या आणि तेथेच आयुष्य काढले. दळण, कांडण, सडासारवण, धुणे, गोवऱ्या वेचणे, पाणी भरणे, ही त्यांची कामे, आणि हेच त्यांच्या काव्याचे विषय. त्यांच्या अभंगांत देव येतो तो सिंहासनावर बसायला येत नाही. दळू लागतो, केर काढू लागतो, तिच्या केसांतल्या उवा काढीत बसतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईंचे जाते म्हणून एक जाते आजही दाखवले जाते. नामदेवांच्या पदांतही धंद्याची हत्यारे अशीच कामाला आलेली दिसतात. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एकात मनाला कापड मोजण्याच्या गजाची आणि जिभेला कात्रीची उपमा आहे. ज्या धंद्याकडे पोराचे लक्ष नाही म्हणून गोणाई डोके आपटीत होती, तोच धंदा असा पंजाबपर्यंत गेला.

जनाबाईंच्या नावावरील आणखी एक अभंग आम्हांस त्यांच्या सगळ्या अभंगांत अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले, याची नोंद आहे. ज्ञानदेवांचे सच्चिदानंदबाबांनी. निवृत्तीचे सोपानाने. मुक्ताईचे ज्ञानदेवांनी. सावता माळ्याचे काशीबा गुरवाने. चोखोबांचे अनंतभटाने. पाहा, दोन ठिकाणी भावंडांनी भावंडांचे लिहून घेतले आहे. ज्याची लेखणी साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घ्यावी तो थोरला भाऊ धाकट्या बहिणीपुढे लेखनिक होऊन बसतो, हे चित्र आम्हांस ज्ञानेश्वरीइतकेच मोठे वाटते. यादीच्या शेवटी जनी स्वतःकडे वळते. तिचा लेखनिक कोण? पांडुरंग. भाविक वाचक येथे धन्य म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण आमचे मन तेथे वेगळ्याच विचाराने अडखळते. बाकी प्रत्येकाला हाडामांसाचा एक माणूस मिळाला. दासीच्या वाट्याला माणूस आला नाही, म्हणून देवाला बसावे लागले.

हे लिहिताना आम्हांस आमच्या आईची आठवण टाळता येत नाही. आमचे बालपण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. गावात पिठाची गिरणी आली होती, पण डाळी भरडायला घरचे जातेच असे. आई पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणे. तिच्या ओव्यांत येशू होता, मरियामाई होती, माहेरची वाट होती, भाऊराया होता, आणि मध्येच कोठेतरी पंढरीची वाट आणि विठूही येत असे. तिच्या आजीकडून जे आले ते तिने तसेच ठेवले होते आणि आपले त्यात मिळवले होते. आम्ही सेमिनरीत दोनतीन वर्षे काढून सुटीवर घरी आलो होतो. नवे नवे ईशज्ञान डोक्यात गेलेले. एका पहाटे आम्ही अंथरुणातूनच तिला म्हणालो, "आई, मरियामाईच्या ओवीत विठू कशाला आणतेस? लोक काय म्हणतील?" ती काही बोलली नाही. जाते फिरत राहिले. त्यानंतर आम्ही घरी असताना तिने ओवी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तिची एकही पूर्ण ओवी आमच्यापाशी नाही. अर्धवट दोन चरण आठवतात आणि तेही बहिणीच्या आठवणीशी जुळत नाहीत. हातात वही होती, लिहिता येत होते, घरात एवढा शिकलेला दुसरा कोणी नव्हता, आणि आम्ही लेखनिक होण्याऐवजी परीक्षक झालो.

योगायोग असा की ज्या काळात आम्ही हे करीत होतो त्याच काळात पुण्यात एक फ्रेंच गृहस्थ नेमके उलट काम करीत होते. गी प्वातव्हॅं हे एके काळी कॅथलिक धर्मगुरू होते. भारतात येऊन ते येथलेच झाले आणि त्यांनी येथले नागरिकत्व घेतले. हेमा राईरकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावे, तीन हजारांहून अधिक बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या. हा संग्रह २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारतावरील संग्रहात टप्प्याटप्प्याने सर्वांना ऐकण्यासाठी खुला होत आहे. मराठवाड्यातल्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. आम्ही ते ऐकतो तेव्हा प्रत्येक आवाजामागे जात्याची घरघर येते आणि आम्ही थोड्या वेळाने ते बंद करतो.

बहिणाबाई चौधरींची हकीकत शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांस माहीत आहे. जळगावकडील ही शेतकरी बाई, १८८० मध्ये जन्मलेली, लिहितावाचता न येणारी. तिचा मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. त्याने आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी याने तिची गाणी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ मध्ये ती वारली. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली. कवीच्या घरात आईची गाणी गाणी म्हणून ओळखली जाणे सोपे नव्हते. आमच्या घरात तर गुरुविद्यार्थ्याला आईची ओवी प्रार्थना म्हणून ओळखता आली नाही.

आपल्या परंपरेतही अशी घरे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्या छापील प्रतींचा आज ठावठिकाणा नाही. मंगळूरला १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी जी आवृत्ती काढली ती हाताने उतरवून जपलेल्या पोथ्यांवरून. म्हणजे छापखान्याने गमावलेले नकलून घेणाऱ्या हातांनी राखले. आणि आमच्या पंथाचे नसले तरी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे घर विसरून कसे चालेल? टिळकांचा तापट स्वभाव, लक्ष्मीबाईंचे अल्प शिक्षण, घरातील नित्याची टंचाई आणि १८९५ मध्ये टिळकांच्या बाप्तिस्म्याने झालेली ताटातूट, हे सगळे बाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हसत हसत सांगितले आहे. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि अखेर मुलगा देवदत्त याने पुरे केले. एका घरातील तीन लेखण्या एका काव्यात. राजाई आणि लक्ष्मीबाई भेटल्या असत्या तर नवऱ्यांविषयी त्यांचे चांगले जमले असते, असे आम्हांस नेहमी वाटते.

व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या घोषणापत्रात कुटुंबाला जणू घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. लग्नाच्या मिस्सात आम्ही हा दाखला कितीतरी वेळा दिला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ संध्याकाळी एकत्र जपमाळ करणे एवढाच सांगितला आहे. ते तर करावेच. पण गोणाईची तक्रार जेथे ऐकली जाते आणि जनीचे नाव जेथे यादीत असते, त्या घराकडे पाहिल्यावर आम्हांस आमचे प्रवचन अपुरे वाटू लागले.

नामदेवांचे घर निर्दोष होते, असा मात्र कोणाचा समज होऊ नये. घरातले कौतुक माणसाला किती फुगवते, याचीही कथा याच परंपरेत आहे, आणि ती आपल्याला हिंगोली जिल्ह्यात परत आणते. संतांच्या मेळाव्यात गोरोबा कुंभारांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले: मडके पक्के की कच्चे? सगळे शांत बसले. नामदेव मात्र रागावले. देवाशी बोलणारा मी, आणि माझ्या डोक्यात थापटणे? गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके अजून भाजायचे आहे. नामदेव रुसून पंढरपुरास आले, तर देवानेही गोरोबांचाच निर्णय उचलून धरला आणि त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. ते औंढ्या नागनाथाच्या देवळात, पिंडीवर पाय ठेवून निजलेले सापडले. पाय काढा म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, जेथे देव नाही तेथे तूच ते उचलून ठेव. नामदेवांनी पाय जेथे जेथे नेले तेथे तेथे पिंड दिसली. लौकिक मिळाल्यानंतर, लोक कीर्तनाला गर्दी करीत असताना, पुन्हा शिष्य होणे आले. वयाने आणि मानाने मोठे झाल्यावर आपण कच्चे आहोत हे ऐकून घेणे किती अवघड असते, हे आम्ही पन्नाशीच्या पलीकडल्या धर्मगुरूंनी वेगळे सांगावयास नको.

याच औंढ्याला पुढे नामदेवांना कीर्तन करताना देवळासमोरून हटवले, तेव्हा ते मागल्या बाजूस जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशीही कथा आहे. देवळाबाहेर उभे राहण्याची वेळ ज्यांच्यावर रोजच होती त्यांचे घरही येथे आठवते. चोखामेळा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, या महार कुटुंबातील पाचही जणांच्या नावावर अभंग आहेत. तेथेही मुलाचा सूर बापाच्या सुरात मिसळून जात नाही. कर्ममेळ्याचा देवाला विचारलेला जाब बापापेक्षा तिखट आहे. मंगळवेढ्यास गावकुस कोसळून चोखोबा गेले, १३३८ मध्ये असे मानतात, आणि त्यांच्या अस्थी गोळा करून पंढरपुरास आणणारे नामदेवच होते.

पंजाबातील घुमान येथे नामदेवांनी बराच काळ काढला, असे तेथली परंपरा सांगते. २०१५ च्या एप्रिलात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले तेव्हा त्याची पुष्कळ चर्चा झाली. मात्र वारकऱ्यांच्या मनातले त्यांचे शेवटचे स्थान पंढरपूरच्या महाद्वारातील पायरी हेच आहे. आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांसह घरची सगळी माणसे तेथे समाधिस्थ झाली असे मानतात. वयांचा हिशेब मांडायला बसले तर तो जुळणार नाही. ऐंशी वर्षांच्या नामदेवांबरोबर त्यांचे आईबापही कसे, असे कोणीही विचारील. परंपरा मात्र चौदा जण म्हणते. घरातली माणसे तर पंधरा.

पंधरावी लाडाई. ती थोरली सून बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिला बातमी तेथे कळली. तिच्या नावावर जो अभंग आहे त्यात तिथी आहे, महिना आहे, वर्ष आहे, कोण कोण गेले ते आहे, आणि मला एकटीला मागे का ठेवले असा सरळ प्रश्न आहे. सासूने रखुमाईला विचारले होते, आजेसासूने विठ्ठलाला. त्या घरात सून म्हणून आलेल्या मुलीलाही दुःख कसे मांडायचे ते ठाऊक झाले होते. आता ऐकायला घरात कोणी उरले नव्हते, तरी तिने ते मांडले, आणि कोणीतरी ते उतरवून घेतले. नामदेवांचा पुढला वंश तिच्या पोटच्या मुलापासून सांगतात.